तालमीतला रोलर : एका कामाच्या नोंदी

५ जानेवारी २०२५

दादाच्या व्यायामाचं काहीतरी बघायला पाहिजे, असं घरात चार वर्षं नुसतं बोलणं चाललंय. आज वैनीनं ताटं वाढता वाढता विषय निकालात काढला. "वजन शहाऐंशी झालंय. पलंगावरनं खुर्चीत घेताना माझी कंबर जातीय. तुम्ही जगाच्या मशिनी करून देता न्हवं? मग घरात एक होईना व्हय?"

म्हणून ही वही.

दादा २०१६ च्या जानेवारीत उसाच्या ट्रॉलीवरून पडला. पाठीचा बारावा मणका. पायात काही नाही, पण पोटाच्या वर सगळा शाबूत. पडायच्या आधी रोज तालमीत जाणारा माणूस, आता टीव्हीसमोर शेंगा फोडत बसतो. दोन जिम बघून झाल्या. एक दुसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही. दुसरी तळमजल्यावर होती, तर मालक फरशीकडं बघत म्हणाला, "चाकाची माती लागंल ओ." तिथं रोज शंभर जण बूट घालून येतात. असो.

माझ्याकडं शिवाजी उद्यमनगरात आप्पांनी टाकलेलं वर्कशॉप आहे. दोन लेथ, एक ड्रिल, वेल्डिंग. दिवसा पंपाच्या शाफ्टचे जॉब, संध्याकाळी सहानंतर हे. कल्पना साधी आहे: सायकलवाले घरात रोलरवर सायकल मारतात, तशी व्हीलचेअर रोलरवर चढवायची. मागची चाकं दोन रोलरांच्या मध्ये बसतील, पुढची छोटी चाकं फळीवर. हातानं चाक फिरवायचं, खुर्ची जागच्या जागी.

१४ जानेवारी

संक्रांत. फिजिओ मॅडम तिळगूळ द्यायला आल्या आणि दोन तास बसल्या. कागदावर रोलर काढून दाखवला. त्यांनी आधी रोलरचं काहीच विचारलं नाही. खुर्चीवरची गादी उचलून खाली हात घातला.

"ही झोळी झालीय," म्हणाल्या. खरंच. शिबिरात मिळालेली घडीची खुर्ची. रेक्झिनची सीट मध्ये खोल गेलीय, त्यावर उशी टाकून चाललंय. बसकणीच्या दोन हाडांवर सगळा भार. दादाला तिथलं दुखणं कळत नाही, त्यामुळं जखम होईतोवर पत्ता लागायचा नाही. अर्धा तास रोलरवर घासला तर पहिल्याच महिन्यात पलंग धरेल. तेव्हा पहिला जॉब रोलरचा नाही. सीटखाली प्लायची फळी आणि त्यावर दोन थरांचा फोम, खालचा कडक, वरचा मऊ.

अजून एक सांगितलं. आम्ही इतकी वर्षं दादाला हातांवर जोर देऊन पाच-दहा सेकंद उचलून धरायला लावायचो. दबलेल्या जागी रक्त परत पोचायला दीड-दोन मिनिटं लागतात, आणि तेवढा वेळ हातावर कोण उचलून धरणार? त्यापेक्षा पुढं वाकून छाती मांडीवर टेकायची आणि दोन मिनिटं तसंच राहायचं. खांदेही वाचतात. नऊ वर्षांत हे आम्हाला कुणी सांगितलं नव्हतं.

व्यायाम किती, हे विचारल्यावर म्हणाल्या, जागतिक आरोग्य संघटनेनं २०२० च्या शिफारशींत पहिल्यांदाच अपंग व्यक्तींसाठी वेगळं लिहिलं, आणि आकडा बाकीच्यांचाच ठेवला: आठवड्याला दीडशे ते तीनशे मिनिटं मध्यम दमाचा व्यायाम, शिवाय दोन दिवस ताकदीचा. दादा म्हणाला, "मग आमाला सूट न्हाईच का?"

२१ जानेवारी

पहिली फ्रेम उभी. तीन इंची पाइप लेथवर साफ करून ८८ मिमी व्यासाला आणला. दोन लांब रोलर, चार यूसीपी २०४ बेअरिंग ब्लॉक. रोलरांच्या सेंटरमधलं अंतर १८० ठेवलं होतं.

दादानं तिसऱ्याच दणक्याला खुर्ची रोलरवरून बाहेर उडवली. मागं मी होते म्हणून बरं. अंतर २४० केलं, चाक आता नीट खोबणीत बसतं. पुढून ट्रकवाले वापरतात तो रॅचेट पट्टा लावला.

खुर्ची उडायची थांबली, पण मजा येईना. हात सोडला की चाक गपकन थांबतं. दादा म्हणाला, "जोतिबाचा डोंगर चढायला लावल्यागत वाटतंय. उतार कुठं हाय?"

२ फेब्रुवारी

उतार सापडला. रस्त्यावर माणूस आणि खुर्ची मिळून शंभर किलो पुढं ढकलले जातात आणि ते वजनच खुर्चीला पुढं नेत राहतं. रोलरवर ते वजन जागेवरच बसलेलं, फिरतो फक्त हलका पाइप. म्हणजे फिरणारं वजन वाढवायला पाहिजे. फ्लायव्हील. कोल्हापुरात फ्लायव्हील शोधायला लांब जावं लागत नाही. गुऱ्हाळाच्या ऑइल इंजिनांवर हे गाव वाढलंय. भंगारवाल्याकडं अडीचशे मिमी व्यासाच्या दोन बिडाच्या भरीव पुल्या मिळाल्या, प्रत्येकी दहा किलो. मागच्या रोलरच्या दोन्ही टोकांना एकेक बसवली.

हिशेब करून बघितला: रोलर लहान आणि पुली मोठी असल्यामुळं दहा किलोची एक पुली चाकाला चाळीस किलोसारखी वाटते. दोन मिळून ऐंशी. खुर्ची सोडून नुसता दादा, साधारण तेवढाच.

आज हात सोडल्यावर चाक आपलंआपण फिरत राहिलं. दादा काही बोलला नाही, नुसता चाकाकडं बघत बसला. मग म्हणाला, "ब्रेक?" ब्रेक विसरले होते. सायकलचा ब्रेक उद्या. पुल्यांवर पत्र्याचं गार्डही पाहिजे. इथं कुणाचा पदर अडकला तर काय करता!

७ फेब्रुवारी

वर्कशॉपात रोज कुणी येणार नाही, तेलकट जागा. जागेचा विषय वस्तादांकडं काढला. पेठेतली तालीम, पोरं पहाटे येतात, नऊला हौदा रिकामा. दहा ते बारा बाहेरची खोली आम्हाला दिली. वस्ताद म्हणाले, "मुरलीकांत पेटकर कुठला? हितनं पलीकडचा, पेठ इस्लामपूरचा. बहात्तर साली हायडेलबर्गला पोहण्यात सुवर्ण. आणि आपला स्वरूप उन्हाळकर, टोकियोला नेमबाजीत चौथा. मग खुर्ची तालमीत आली तर काय मोडतंय?"

कोल्हापुरात नसीमादीदी हुरजूकांनी १९८४ मध्ये हेल्पर्स ऑफ द हँडिकॅप्ड उभी केली. खुर्चीवरचं माणूस शिकतं, कामाला जातं, हे इथं कुणाला नवं नाही. पण तालमीच्या उंबऱ्याच्या आत खुर्ची गेलेली मी तरी बघितलेली नाही, आणि त्याचं कारण दारातच आहे. दोन पायऱ्या, सात-सात इंच.

एक इंच चढाला बारा इंच लांबी, हा नियम. चौदा इंचाला चौदा फूट. दारासमोर गटारीपर्यंत जागा फक्त नऊ फूट. शेवटी दारासमोर पाच बाय पाचचा ओटा आणि तिथून भिंतीकडेनं चौदा फुटांचा रॅम्प. पायऱ्या ओट्याच्या दुसऱ्या अंगाला हलवल्या.

१६ फेब्रुवारी

रॅम्प बसला. अँगलची फ्रेम, चेकर्ड प्लेट, कडेला तीन इंच पट्टी, चार फूट रुंदी. तीन तुकड्यांत केला, बोल्टवर. उचलायला दहा पैलवान लागले, त्यांनी तो पाटासारखा उचलला.

प्लेटवर तालमीतली माती सांडली की घसरतं, कारण त्या मातीत तेल आणि ताक असतं. रंगात वाळू मिसळून दुसरा हात दिला.

१९ फेब्रुवारी

शिवजयंती. सकाळी रॅम्पवर चार मोटारसायकली आणि एक स्पीकर. वस्तादांनी पोरांना फैलावर घेतलं. दुपारी बघितलं तर दूधवाला त्याच रॅम्पवरून कॅन गडगडवत नेत होता. त्याला मी काही बोलले नाही. ज्याला त्याला रॅम्प पाहिजेच असतो.

२३ फेब्रुवारी

पहिला दिवस. पाच जण.

दादा. आक्का, लहानपणी पोलिओ, दोन्ही पायांत कॅलिपर, शिवणकाम करतात, लांबच्या अंतराला खुर्ची. ड्रायव्हर काका, ट्रक उलटून छातीचा चौथा मणका गेलेला. बसल्यावर कंबरेत तोल नाही, म्हणून छातीला पट्टा. मास्तर, निवृत्त, काचबिंदूत दृष्टी गेली. चालतात खणखणीत, पण चार वर्षांत घराच्या गल्लीबाहेर एकटे गेले नाहीत. आणि बारका, सेरेब्रल पाल्सी, म्हणजे स्नायूंवर नीट ताबा नाही, परवापासून दहावीची परीक्षा सुरू झालीय म्हणून आज नुसता बघायला आला. त्याच्या आईनं डोळे वटारले तरी गेला नाही.

नाडी मोजून व्यायाम ठरवायचा, अशी माझी समजूत होती. त्यासाठी घड्याळही आणलं होतं. मॅडमनी ते ड्रायव्हर काकांच्या हातातून काढून ठेवलं. छातीच्या वरच्या मणक्यांतून हृदयाकडं जाणाऱ्या नसा तुटल्या की दम लागला तरी ठोके तेवढे वाढत नाहीत, घड्याळ खोटं बोलतं. बोर्ग नावाच्या स्वीडिश शास्त्रज्ञानं सहा ते वीस अशी दमाची मोजपट्टी केलीय, ती वापरायची. आक्का म्हणाल्या, सहापासून सुरू कशाला, एकपासून का न्हाई? (सहाला साठ ठोके, वीसला दोनशे, असा तो हिशेब.) मग वस्तादांनी तालमीची मोजपट्टी काढली: गप्पा चालल्यात, बोलवतंय पण गाणं म्हणवत न्हाई, घाम फुटला, बास. भिंतीवर खडूनं लिहिली. आपल्याला दुसऱ्या पायरीवर राहायचंय.

मोजणीसाठी रोलरला एक चुंबक आणि एक रीड स्विच, चुंबक जवळ आला की जुळणारा. एक फेरा म्हणजे २७.६ सेंटिमीटर. छोट्या बोर्डावरून आकडा समोरच्या पडद्यावर. पहिल्या पाच मिनिटांत दादा अकराशे मीटर! सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मला शंका आली. स्विचची पट्टी थरथरत होती, एका फेऱ्याला चार-चार मोजत होती. प्रोग्रॅममध्ये तीस मिलिसेकंदांची उसंत टाकली. खरा आकडा २६०.

२५ फेब्रुवारी

पडद्याचा उपयोग नाही. आकडा बघायला मान खाली घातली की खांदे पुढं येतात. मास्तरांना तर त्याचा काहीच फायदा नाही. त्यांची मागणी: "मला ऐकू येऊ दे." दर पन्नास मीटरला बझर लावला. आक्का वैतागल्या, "ती पीपी बंद करा आधी. दवाखान्यात असल्यागत वाटतंय."

वस्तादांनी फोन काढला. खासबागेतल्या कुस्तीच्या हलगीचं रेकॉर्डिंग. तेच लावलं ताल म्हणून. हलगी वाजली आणि पाचही जणांच्या पाठी ताठ झाल्या. दादानं असा वेग धरला की गार्डचा पत्रा थरथरायला लागला. जाळ.

(हलगीबद्दल पुढं लिहायचंय. आज सगळे खूश आहेत.)

२७ फेब्रुवारी

अमावस्या, लेथला नारळ. आज काम बंद ठेवायचं असतं, पण दुपारी करवत चालवावीच लागली.

सकाळी आक्का दादाचं बघत बसल्या होत्या. एकदम म्हणाल्या, "आगं, त्याचा डावा हात नाकावर हाय. डावं चाक फिरतंय कसं?"

रोलर एकसंध! उजव्या हातानं उजवं चाक ढकललं की तोच पाइप डाव्या चाकालाही फिरवतो. दादाचा डावा खांदा पडल्यापासून जरा कमजोर. गेले पाच आठवडे तो डावा हात चाकावर नुसता फिरायला पाठवत होता. मी इंजिनिअरिंगचा डिप्लोमा केलाय, पंधरा वर्षं शाफ्ट कातते, आणि हे दिसलं शिवणकाम करणाऱ्या बाईला. त्यांचं म्हणणं, मशिनीवर वरचा धागा चालला तरी खालची बॉबिन रिकामी असू शकते, बघायची सवय लागते.

रोलर मधून कापले. चार ब्लॉकांचे आठ झाले. मध्ये एक जादा चॅनेल. दोन्ही बाजूंना वेगळा स्विच, वेगळी मोजणी. पाच मिनिटांत: उजवं २३१ मीटर, डावं १५२.

दादानं आकडे ऐकले आणि म्हणाला, "आता कळलं, रस्त्यावर मी सारखा गटारीकडं का जातो."

९ मार्च

आजचा दिवस नीट लिहून ठेवते.

ड्रायव्हर काका रोलरवर बसून सात-आठ मिनिटं झाली होती. बोलायचे थांबले. कपाळावर घाम, चेहरा लालबुंद, दंडावर काटा. म्हणाले, "डोस्कं फुटतंय." मला वाटलं ऊन. मी पाणी आणायला वळले, पंख्याखाली आडवं करूया म्हटलं.

मॅडम ओरडल्या, "आडवं करू नका!" छातीचा पट्टा सोडला, काकांना ताठ बसवलं, पाय खाली सोडले, पँटचं बक्कल सैल केलं. बीपी १६४/९६. काकांचं नेहमीचं १०० च्या आसपास असतं. मग त्या गुडघ्यावर बसल्या आणि लघवीची नळी हातानं चाचपत वरून खाली गेल्या. पुढचा रॅचेट पट्टा. मी तो मांडीच्या कडेनं फ्रेमला घेतला होता आणि नळी पट्टा आणि पाइप यांच्यात चेपली होती. पिशवी कोरडी. पट्टा सोडला, नळी सरळ केली, भसाभस लघवी पिशवीत आली. पाच मिनिटांत १३०, दहा मिनिटांत ११२/७०. काका म्हणाले, "गेलं," आणि डोळे मिटून बसले.

मॅडमनी नंतर सगळ्यांना बसवून सांगितलं. छातीच्या सहाव्या मणक्यावर किंवा त्याच्या वर इजा असली तर हे होऊ शकतं, ऑटोनॉमिक डिसरिफ्लेक्सिया म्हणतात. मूत्राशय तुंबलं, पोट तुंबलं, नख आत रुतलं, काहीही. शरीराला खाली त्रास होतोय हे मेंदूला कळत नाही, पण खालच्या रक्तवाहिन्या आवळतात आणि बीपी चढत जातं. वेळेत उतरलं नाही तर मेंदूत रक्तस्राव. झोपवायचं नाही, बसवायचं. कारण शोधायचं, दर वेळी नळीतच सापडतं असं नाही पण सुरुवात तिथूनच करायची. नाही उतरलं तर थेट दवाखाना, आणि तिथल्या डॉक्टरला स्वतः सांगायचं की हे काय आहे.

पट्टा लावणारी मी. मी काकांच्या पाया पडले, तर ते हसले. "गाडीला पट्टा आवळताना डिझेलची नळी बघायची असती पोरी. क्लीनरला पहिलं तेच शिकवतोय."

संध्याकाळी फळीलाच दोन हुक वेल्ड केले, पाय ठेवायच्या पट्टीच्या खालच्या पाइपाला धरणारे. मांडीजवळ आता काही नाही. भिंतीवर खडूनं: आधी पिशवी रिकामी, मग नळी बघा, मग हुक.

१६ मार्च

तीन खांदे दुखतायत. दादाचा डावा, आक्कांचे दोन्ही.

हलगीनं घात केला. कुस्तीची हलगी पैलवानाला चेव आणायला असते. आम्ही तिच्यावर तीन आठवडे आखूड आखूड धक्के मारत बसलो. २००५ मध्ये अमेरिकेत पाठीच्या कण्याच्या रुग्णांसाठी खांदे जपायच्या शिफारशी निघाल्या, त्या मॅडमना पाठ आहेत: धक्के कमी, जोर कमी, प्रत्येक धक्का लांब. हात रिमवरून सुटला की वरून उचलून मागं आणायचा नाही, खाली लोंबू द्यायचा आणि चाकाच्या खालून गोल मागं न्यायचा. दिवसभर माणूस खुर्ची पुढंच ढकलतो, पलंगावर चढतो ते हातावर, त्यामुळं छाती आखडते आणि पाठ ढिली पडते. आम्ही काय केलं? जे दिवसभर होतं तेच अजून अर्धा तास करून घेतलं, वाजंत्री लावून.

आक्कांचं वेगळं. पोलिओनंतर उरलेल्या नसांवर आधीच दुप्पट ओझं असतं. त्यांनी दमेपर्यंत करायचंच नाही. आजचा थकवा उद्या सकाळी उरला असेल तर काल जास्त झालं, एवढी सोपी खूण. आक्का कबूल करायला तयार नव्हत्या. मग हळूच म्हणाल्या, तीन दिवस ब्लाउज शिवायचे तसेच पडलेत.

आठवडाभर रोलर बंद.

१९ मार्च

रंगपंचमी. तालमीत कुणी नाही, बारका मात्र हजर, डोक्यापासून हिरवा. परवा पेपर संपले. त्याला रोलर नकोय, त्याला बोच्चा खेळायचाय. मोबाइलवर बघितलाय: पांढऱ्या चेंडूच्या जास्तीत जास्त जवळ आपले चेंडू टाकायचे, सहा लाल, सहा निळे. १९८४ पासून पॅरालिम्पिकमध्ये आहे. ज्याला हातानं टाकता येत नाही तो घसरगुंडीवरून सोडतो.

२२ मार्च

घसरगुंडी सोपी: चार इंची पीव्हीसी पाइप उभा चिरला, कॅमेऱ्याच्या जुन्या तिकाटण्यावर बसवला. चेंडू अवघड. २७५ ग्रॅम, २७ सेंटिमीटर घेर, आणि टप्पा खायचा नाही. सुभाषनगरच्या एका चपला करणाऱ्या काकांकडं गेले. त्यांनी कातडं वाकवून बघितलं, "अंगठ्याचं कातडं घेऊ, मऊ असतंय," आणि दोन दिवसांत तेरा चेंडू शिवले. आत ज्वारी भरली. हाताला काय बसतात!

२६ मार्च

उंदरांनी चार चेंडू फोडले. तालमीत ज्वारी ठेवणारी मी शहाणी. उरलेले उसवून प्लास्टिकचे दाणे भरले, शेजारच्या मोल्डिंगवाल्यानं अर्धं पोतं दिलं. काट्यावर एकेक तोलून. सगळे २७० ते २८० मध्ये.

बारक्यानं आज मास्तरांना हरवलं. मास्तर आवाजावर खेळतात. पांढऱ्या चेंडूवर कुणीतरी टिचकी मारायची, ते दिशा धरतात. हरल्यावर म्हणाले, टिचकी मारणारा याचा मित्र होता. शक्य आहे.

३० मार्च

पाडवा. नव्या पद्धतीचे दहा दिवस.

सायकलच्या फुटक्या ट्यूबा खांबाला बांधल्या, कोपर मागं नेऊन ओढायचं, वल्हवल्यासारखं. कोपराखाली टॉवेलची घडी दाबून हात बाहेर फिरवायचा, खांद्याच्या खोबणीतल्या बारक्या स्नायूंसाठी. दिसायला काहीच वाटत नाही, दादाचा घाम निघतो. रोलर पण परत सुरू, पण उलटा: चाक मागं ओढायचं. दोन मिनिटं मागं, एक मिनिट पुढं. हलगी बंद. त्या जागी मास्तर तोंडानं मोजतात, शाळेतल्या कवायतीच्या चालीवर, आणि चुकलं की नाव घेऊन बोलतात. त्यांना कोण चुकलं ते चाकाच्या आवाजावरून कळतं. हा सेन्सर मला करता आला नसता.

वस्तादांनी जुने मुद्गल कापून दोन-दोन किलोचे करून दिले. बसून पाठीमागून फिरवले की छाती मस्त उघडते. पण पहिल्याच फेरीला मुद्गल खुर्चीच्या ढकलायच्या मुठींवर आपटला, ठाण्ण. मुठी आता बोल्टवर, काढता येतात. दादानं त्या काढल्या आणि परत लावायच्या नाहीत म्हणाला. मागून कुणीही येतं आणि न विचारता ढकलायला लागतं, त्यापेक्षा नकोच.

उजवं १९८, डावं १८१.

१२ एप्रिल

जोतिबाची यात्रा. अख्खं गाव डोंगरावर, तालीम बंद. मी वर्कशॉपात गार्डचे बोल्ट बदलत होते, तर दारात दादा. एकटा. पेठेतून इथं दोन किलोमीटर तरी असेल. वैनीला सांगितलंस का, तर म्हणे तीही डोंगरावर गेलीय.

तोल मात्र एका बाजूला. पुढचं डावं छोटं चाक वाटेत गटारीच्या जाळीत अडकलं. जाळीच्या पट्ट्या रस्त्याच्याच दिशेनं होत्या, दोन बोटं फट. फोर्क वाकलाय, बेअरिंग कुरकुरतंय. तसाच ओढत आला.

"पुढचं चाक उचलून मागच्या दोनवर घ्यायला पाहिजे हुतं तिथं," मी म्हटलं.

"येतंय कुठं अजून? शिकवायला सांग मॅडमला."

फोर्क तापवून सरळ केला, चाक जरा रुंद आणि मोठं बसवलं. तासभर गेला. तो तोवर खांबाला ट्यूब बांधून ओढत बसला होता. जॉबकार्डवर मी सवयीनं लिहिलं: व्हीलचेअर फोर्क, १ नग, ० रुपये. दादानं पेन घेऊन शून्य खोडलं, १५० केले, आणि ट्यूबचे किती ते वेगळं विचारलं.